बाबांची पाणसळ

तीर्थरूप आई-बाबा, तुम्हाला आणि हे वाचून दाखवणाऱ्या शेजारच्या काकूंनाही वाकून नमस्कार.

मी पास झाले! नाहीतर इंजिनिअरिंग सोडून परत यावं लागलं असतं. पेपरात इथल्या भाषेतला शब्दच आठवेना, म्हणून घाबरून आपला 'पाणसळ' लिहून आले होते. आठवडाभर घास उतरला नाही. (आई, आता नीट जेवते.)

आज सरांनी बोलावलं. "हा कुठला शब्द?"

"बाबांचा. ते गवंडी आहेत. नळीत पाणी भरून भिंतीची पातळी बघतात."

सर हसले. "मग बरोबरच आहे. पुढच्या महिन्यात वर्गाला करून दाखव."

आईचा गुडघा कसा आहे?

बाबा, नळीत बुडबुडा राहिला तर काय करता, ते सविस्तर कळवा. तुमचं नाव सांगून मला चुकीचं शिकवायचं नाही.

तुमची,
आता वर्गाला शिकवणारी लेक