नदीपलीकडचा कोड

४ मार्च

माफ कर, वही. डिसेंबरनंतर तुझ्याकडे फिरकले नाही. लिहिलं की खरं होतं, अशी अडाणी भीती होती. शिकून काय उपयोग!

नवऱ्याने तापलेली इस्त्री पाठीवर टेकवली, तेव्हा माझी धाकटी बहीण लेकीला घेऊन निघाली. आता नदीपलीकडे एक खोली – पुढे शिलाई मशीन, मागे अंथरूण. पत्ता फक्त मला आणि आईला ठाऊक. फोन नंबर मात्र जुनाच ठेवला. दहा वर्षांची गिऱ्हाइकं त्यावर आहेत, ती तुटली तर खायचं काय? शहरात कुठेही राहा, नंबर तोच राहतो. त्यावरून ठावठिकाणा कळत नाही. मेव्हणा रोज फोन करतो. ती उचलत नाही. "भुंकू दे," म्हणते. "फोनमधून हात बाहेर येत नाही."

८ मार्च

शहरातले फोन नंबर संपत आले, म्हणून नंबराआधी फिरवायचा नवा तीन आकडी कोड. रेघ कुठे मारायची हे टेलिफोन खात्यातल्या आमच्या विभागाने ठरवलं, म्हणजे शेवटी मीच. पश्चिमेला जुना कोड, नदीच्या पूर्वेला नवा.

पूर्वेचे व्यापारी आज ऑफिसच्या गेटवर चालून आले. "आम्ही काय गावकुसाबाहेरचे?" पाट्या, शिव्या, मग दगड. एक आमच्या शिपायाच्या भुवईवर बसला. मी रुमाल दाबून धरला, रक्त कोपरापर्यंत आलं. तो म्हणतो, "मॅडम, तीन आकड्यांसाठी?"

सूचनेचं ध्वनिमुद्रण मात्र मंजूर झालं. पूर्वेचा नंबर जुन्या पद्धतीने फिरवला की एक बाई सांगणार, या क्रमांकाचा कोड बदलला आहे, नवा कोड अमुक. मजकूर माझा. साहेब म्हणाले, छान, सुटसुटीत.

१२ मार्च

आजपासून नवा कोड सुरू. गेटवर पोलीस. दगड नाहीत.

१३ मार्च

जेवताना एकदम लक्षात आलं. मेव्हणा रोज तो नंबर फिरवतो. आता त्याला ती बाई ऐकू येणार. म्हणजे बायको पूर्वेला आहे, हे त्याला माझ्याच शब्दांत कळणार. इतके महिने या कामात बुडालेले, आणि हे सुचलं नाही.

त्या एका नंबरवरची सूचना बंद करणं माझ्या हातात होतं. पण बहिणीपुरतं केलं तर तो वशिला. अशा आणखी कितीजणी लपून राहत असतील – त्यांचं काय? म्हणून सगळ्यांसाठीच ही सूचना बंद करावी, असा रीतसर अर्ज केला. साहेब म्हणाले, बघतो. मी बरं म्हटलं. पूर्व भाग केवढा मोठा, नुसत्या कोडवरून काय सापडणार – अशी स्वतःची समजूत घातली. ही तत्त्वनिष्ठा की भित्रेपणा?

१५ मार्च

उजवा डोळा उघडत नाही, म्हणून अक्षर वाकडं.

काल संध्याकाळी मेव्हणा आला. मी साखळी लावूनच दार किलकिलं केलं. त्याने खांद्याने साखळी उपटली. "कशा आहात ताई?" आणि फाडकन कानाखाली. "नदीपलीकडे आहे ना? तुमच्या त्या बाईनेच सांगितलं. आता गल्ली सांगा." मी नाही म्हटलं. त्याने केस धरून डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. मग मिक्सरची वायर गळ्याभोवती. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एवढंच आठवतं.

शुद्धीवर आले तेव्हा आई तोंडावर पाणी मारत होती. "गेला," म्हणाली. "तू काही बोलली नाहीस." मला अभिमान वाटला. लिहायला लाज वाटते, पण वाटला.

धाकटीला फोन लावला. वाजत राहिला. पुढचं आज लिहवत नाही.

१६ मार्च

तिच्याच कात्रीने. पोटात एक वार, उजव्या हाताची दोन बोटं गेली. लेक मशीनखाली लपून होती. शेजारच्या बेकरीवाल्याने लोखंडी सळईने त्याला आडवा केला आणि पोलीस येईपर्यंत छातीवर बसून राहिला. डॉक्टर म्हणाले, "वाचतील. शिवणकाम विसरा."

इन्स्पेक्टरने विचारलं, त्याला घर सापडलं कसं? म्हटलं, माझ्यामुळे. कोडवरून. तो कंटाळून म्हणाला, "बाई, कोडवरून खोली सापडत नसते." मला ते सांत्वन वाटलं.

साहेबांनी आज अर्ज मंजूर केला.

१९ मार्च

धाकटी बोलली. "ताई, तू नाही ना सांगितलंस?"

"नाही."

"माहीत होतं मला." मग, "आई का येत नाही?"

म्हटलं, गुडघे धरलेत तिचे. आई मलाही हेच सांगते. लेक आमच्याकडेच आहे, आजीच्या कुशीत झोपते.

२१ मार्च

भाजी निवडता निवडता, मान वर न करता आई म्हणाली, "मीच सांगितलं गं. तुझी जीभ बाहेर आली होती. म्हटलं, सोड तिला, सांगते. गल्ली, मजला, सगळं."

मी तिच्या हातातली सुरी काढून घेतली. का, कोण जाणे. मग परत दिली.

उद्या : आईला दवाखान्यात धाकटीकडे घेऊन जाणे.