पाणी हवंय का?

प्रिय शिल्पा,

तुझ्या संस्थेचा अहवाल काल शाळेत वाचून दाखवला. आमच्या लातूरच्या शाळेतल्या स्वमग्न मुलांच्या वर्गाचा ‘परिणाम दिसत नाही’, म्हणून जूनपासून निधी थांबवावा. खाली तुझी सही. वर्गाच्या उज्वला मॅडम खडूचे हात पदराला पुसत राहिल्या. मी मात्र चिडले आहे आणि चिडूनच लिहून राहिले आहे.

‘नजरेला नजर देत नाही’ असं माझ्या लेकीबद्दल, समताबद्दल लिहिलंस. अगं, आमच्या गल्लीत कोण कोणाला देतं? डाळमिलचा भोंगा वाजला की ही पोर भिंतीवर डोकं आपटायची. आता मॅडमचा हात धरून उभी राहते. ते मोजायला तुझ्याकडे रकाना नव्हता. असो. पण पुढचं वाक्य मी गिळणार नाही: ‘प्रश्नातलाच शब्द परत म्हणते, उत्तर देत नाही.’

तू वर्ग तपासायला आलीस तेव्हा मी दाराशीच बसले होते. ग्लास दाखवून तू गोड आवाजात विचारलंस, पाणी हवंय का? ती म्हणाली, हाव. तुला ‘हवं’ ऐकू आलं. पोपटपंची समजून तू शून्य दिलंस. पाणी पिऊन तिनं ग्लास पालथा घातला, ‘आता बास’ म्हणायची तिची ती रीत. तेव्हा तू मान खाली घालून लिहीत होतीस.

नांदेडहून आपण दोघी पुण्याला शिकायला गेलो, तो पहिला आठवडा आठव. सरांनी काहीतरी विचारलं, तू ‘हाव’ म्हणालीस आणि अख्खा वर्ग हसला. होस्टेलवर उशीत तोंड खुपसून रडलीस. मीच त्या पोरींशी भांडले होते, हाव म्हणजे हो, तुमच्या बापाचं काय जातं? त्या दिवसापासून तू तो शब्द टाकलास. इतका, की आता तो कानालाही कळेना?

समताला काही पाहिजे असलं की ती माझा हात ओढायची, नाहीतर किंचाळायची. मॅडमनी रोज तोच ग्लास धरून तिला एक होकार शिकवला. परक्या माणसापुढं तो ती पहिल्यांदा बोलली, तुझ्यापुढं. मैत्रीखातर मार्क वाढव असं मी म्हणत नाही. निधीची बैठक व्हायच्या आत फक्त एकदा ये आणि तिला पुन्हा विचार, नांदेडची होऊन. सकाळी मी तिला म्हटलं, शिल्पा मावशीला बोलवू का? ती म्हणाली, हाव.

अजून तरी तुझीच,
रेणुका