दोन नावांची एक बाई

प्रिय सेव्जान,

मार्चमध्ये तुर्कस्तानातल्या बुर्साहून तुझा निवृत्तिवेतनाचा अर्ज आला आणि मीच तो परत पाठवला. नीट वाचलाही नाही. "सलग नोंद सापडत नाही," असं छापील उत्तर जोडलं नि सही केली. माझं आडनाव बदललंय, तुझंही. तू ओळखलं नसशील, मीही नाही.

अशी उत्तरं मी कितीजणींना पाठवली असतील. तंबाखू सहकारी संस्थेची हजेरी एका संगणकात, लोकांची नावं दुसऱ्यात, आणि दोघांचा एकमेकांशी संबंध नाही. पंच्याऐंशीत सरकारनं तुम्हा तुर्कांची नावं सक्तीनं बल्गेरियन केली; तोवर राबलेली बाई एका नावाची, पुढची चार वर्षं राबलेली दुसऱ्या नावाची, म्हणून निवृत्तिवेतन अडलेलं. यंदा हुकूम आला की दोन्हीकडे एकदमच एक प्रश्न विचारता येईल अशी सोय करा. आमचा कामेन, माझ्याएवढाच निवृत्तीला टेकलेला प्रोग्रॅमर, म्हणाला, "बाई, नावं जुळवत बसू नका. आपल्या लोकांनी या बायकांच्या मेलेल्या आईबापांचीसुद्धा नावं बदलून ठेवलीत. जन्मतारीख घ्या, गाव घ्या, घराचा नंबर घ्या." तसा प्रश्न लिहिला. एक्केचाळीस बायका निघाल्या. सव्विसाव्या ओळीत घर नंबर सतरा, जन्म नऊ मे सहासष्ट. मी उठून बाहेर गेले, तोंड धुतलं. मग परत केलेल्या अर्जांचे गठ्ठे उपसून तुझा पत्ता काढला.

तुमच्या सतरा नंबरच्या घरात हल्ली राजधानीतली, सोफियाची माणसं उन्हाळ्यापुरती येतात. त्याच पडवीत आपण तंबाखूची पानं सुईत ओवायचो, बोटं चिकानं काळी व्हायची. तू म्हणायचीस, "इस्क्रा, असल्या हातांना नवरा मिळायचा नाही, आणि मिळालाच तर चिकटून बसेल." माझा बसला होता, सहा वर्षांपूर्वी गेला. त्याला तुझ्याबद्दल किती सांगितलं, एक गोष्ट सोडून.

एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात तुम्हाला देश सोडून तुर्कस्तानला जावं लागलं, सामान मोटारीवर चढत होतं, तेव्हा तू तीनदा आमच्या खिडकीकडे पाहिलंस. मी पडद्याआड उभी होते. खाली आले नाही. पोलिसांना भ्याले असं तुला वाटलं असेल. वाटू दे, असंच मलाही तेव्हा वाटलं.

त्या सव्विसाव्या ओळीत आणखी एक रकाना होता, नाव बदलणाऱ्या कारकुनाचा. पंच्याऐंशीच्या जानेवारीत मला कचेरीत लागून दोन महिने झाले होते. जे सरकारी यादीतून नवं नाव निवडायला आले नाहीत, त्यांना आम्हीच नावं द्यायची होती. तू आली नाहीस. मी सिल्विया लिहिलं. निदान पहिलं अक्षर तरी तुझं राहील, एवढाच विचार केला. पुढे ते ओळखपत्र नाचवत तू मला विचारलंस, "कुठल्या मेल्यानं दिलं गं हे नाव?" आणि मी म्हटलं, "कोण जाणे."

आता दोन्ही नावांची बाई एकच आहे, हे दोन्ही नावांनी तिला ओळखणाऱ्या माणसानं तिच्यासमोर सांगायचं, असा नियम आहे. गावात तसं माणूस मीच उरले आहे. दुसरं कोणी हवं असेल तर कामेन शेजारच्या गावात शोधून देईल, त्याला मी सांगून ठेवलंय. पण साक्षीला मी चालत असेन, तर ये. तू समोर बसल्याशिवाय मला सही करता येणार नाही.

तुझीच म्हणवून घ्यायची परवानगी न मागता,
इस्क्रा