सुनीताला दिलेला शेरा

बेळगाव, मंगळवार संध्याकाळ

आज रुग्णाऐवजी पुतळ्यावर शस्त्रक्रियेचा सराव घेतला. अचानक रक्तस्राव झाला तर पथकातली माणसं एकमेकांशी बोलतात का, हे तपासायचं होतं. प्रमुख मी, गुण देणाराही मीच. शिकाऊ डॉक्टर सुनीताला 'बोलत नाही' म्हणून नापास केलं.

मग सगळ्यांसमोर सरावाचं चित्रीकरण पडद्यावर लावलं. "कुणाला काही शंका?" मी विचारतो, सुनीताचा हात वर येतो, आणि मीच उत्तर देत सुटतो. पुन्हा तेच. हात वर, हात खाली. भूलतज्ज्ञ शांताक्का म्हणाल्या, "अण्णा, इचारतासा तुमी, उत्तरबी तुमीच देतासा. पोरीनं बोलायचं कवा?" सगळे हसले. सुनीता नाही.

सभा गाजवणारी ही जीभ! कशाला मिरवतो मी ती?

सुटताना तिला जिन्यात गाठलं. दोन वाक्यांत माफी मागायची होती. पण ऐकून घेण्याचं महत्त्व, प्रमुखाचा अहंकार... बोलतच राहिलो. मध्येच तिचा हात जरासा उचलला गेला. थांबलो का मी? नाही. शेवटी "होय सर" म्हणून ती सदलग्याची बस गाठायला पळाली.

घरी आल्यावर लक्षात आलं. नापासचा शेरा मी बदललाच नाही. तेच विचारायचं असेल तिला.