मापाची रिकामी जागा

पेडगाव, फेब्रुवारी १९९४

माझ्या प्रिय सटू बाळा,

हे पत्र आजीनं सोताच्या हातानं लिहिलंय, दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं न्हाई. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकले तेवढ्यावरच लिहायले, तवा हसू नको. लय आनंदाची खबर हाय. तुझी लेक भिंतीला धरून उभी ऱ्हायली! तिची आय सुला भाकरी तव्यावर सोडून ओरडली, "आजी, बघा की!" मी पळत गेले तर पोरीनं माझं लुगडं धरलं अन् बदकन खाली बसली. भाकरी जळाली ती मीच खाल्ली, गोड लागली. नाक तुझंच, राग बी तुझाच. तुझ्या आज्यानं बघायला पाहिजे होतं हे.

आजा होता तवा मेंढरू आजारी पडलं की लांबलांबून माणसं यायची, धोंडीबाची दवा पाहिजे म्हणून. जायच्या आधी त्यानं सगळं तुला तोंडी सांगितलं अन् तू त्याचं पुस्तक छापलंस, वर त्याचं नाव घालून. सेलूच्या बाजारात तू विकायला बसलास तवा मी मुद्दाम शेजारी बसले. एकानं विचारलं, "म्हातारे, तू काय विकतीस?" म्हणलं, "मी विकत न्हाई, मालकीण हाय." माणूस हसत गेला, पण पुस्तक घेऊन गेला.

पण एकजण पुस्तक घ्यायचा अन् सगळा गाव त्याची झेरॉक्स काढायचा. तुझं डोकं फिरलं. "आज्याची जिंदगी गेली ह्यात, अन् हे मशीनवर टराटरा काढायलेत," म्हणालास. मग छापखान्यात तुला कळलं, फिकी निळी शाई त्या मशीनला दिसत न्हाई. पुढच्या पुस्तकांत तू दवाच्या मापाची जागा मोकळी सोडलीस, अन् आपण सगळ्यांनी लिंबाखाली बसून फिक्या शाईनं आकडे भरले. झेरॉक्स काढली की माप गायब! मला कोण कौतुक, माझ्या हाताचे आकडे पुस्तकात. तू म्हणालास, "आजी, हा चार हाय का बसलेलं मेंढरू?" सुला एवढी हसली की शाई तिच्या पदरावर सांडली. तसं हसणं ह्या घरात पुन्हा झालं न्हाई.

माझी बहीण मनकर्णा, सोनपेठची. तिला बिचारीला पुस्तक अन् झेरॉक्स सारखंच, बाजारात झेरॉक्स मिळाली ती घेतली. मेंढरांना जंत झाले तवा शेजाऱ्यानं वाचून दाखवलं, मोरचूद पाण्यात कालवून पाजा. किती, ते नव्हतं. तिनं मूठभर टाकलं. मोरचूद थोडं तर दवा, जास्त तर जहर. सगळा कळप रानात मेंढरं कोंडायच्या जाळीतच आडवा झाला. तू भेटायला गेलास तर ती रागावली सुद्धा न्हाई. "दाजीचं नाव वर होतं बाळा, म्हणून पाजलं," एवढंच म्हणाली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर तू जेवला तरी असतास.

आल्यावर तू उरलेली पुस्तकं चुलीत घातलीस. विकलेली बी, आधीच्या झेरॉक्स बी घरोघर फिरून मागून आणलीस अन् जाळलीस. सुलानं हात धरला तर तिला ढकललंस, अन् औरंगाबाद गाठलंस. तवापासून पत्र न्हाई, निरोप न्हाई. नामांतराच्या बंदात एस.टी. बंद होत्या तेवढे दिवस सुला बरी होती, गाडीची वाट बघणं नव्हतं. आता गाडी थांबली की भाकरी थापता थापता तिचा हात थांबतो. पोरगी तर दारात येईल त्याला बाबा म्हणायलीय.

आता कशासाठी लिहायले ते सांगते. आपल्या मेंढरांच्या जबड्याखाली पाणी उतरलंय, जंताचंच लक्षण हाय. साऱ्या पेडगावचीच ही गत हाय, रोज कुणाचं तरी मेलेलं मेंढरू ओढून न्यावं लागतंय. दवाखान्यातली दवा संपलीय, अन् मोरचूदाला हात लावायची कुणाची हिंमत न्हाई, मनकर्णाचं सगळ्यांना ठाऊक हाय. शेजारच्या आश्रुबाच्या घरात तुझं एक पुस्तक निघालं, पण गळक्या छपरानं ती फिकी शाई धुऊन गेलीय. लोक मला विचारायलेत, "भिवराबाई, आकडे तुमीच भरले ना?" मीच भरले. तू दाखवलास तसा आकार काढत गेले, कोणता आकडा कशाचा हे मला कुठं ठाऊक? सुलाला बी आठवत न्हाई. दुनियेत आता ते माप एकट्या तुझ्याजवळ हाय. ये, पोरीला बघ, असं लिहायला बसले होते. ते ऱ्हाऊ दे. यायचं नसंल तर येऊ नको, सुलाची समजूत मी घालीन. पण मोरचूद किती, पाणी किती, कोकराला किती, तेवढं ठसठशीत काळ्या शाईनं लिहून धाड बाळा, वाटेल त्यानं उतरून घ्यावं असं.

आलास तरी अन् न आलास तरी तुझीच,
आजी भिवरा