सुलभाचा अंगठा

१० मे, शनिवार. पाली

उद्या आमच्या कबड्डी मंडळाचा सुवर्णमहोत्सव. चाकरमानी आलेत, मांडव घातलाय. निवडणुकीने गावाचे दोन तट केले, पण मंडळ तेवढं एकच राहिलं, म्हणून जो तो छाती फुगवून फिरतोय. मला मात्र उद्याचा दिवस नकोसा झालाय.

उद्या आम्हा जुन्या मुलींचा सामना आहे. मुली कसल्या, दोघीतिघी आज्या झाल्यात! पकडीसाठी हातात हात धरून साखळी करतो, तीत माझ्या जोडीला पूर्वीसारखी सुलभाच. सरपंचपदाला ती माझ्या नवऱ्याविरुद्ध उभी राहिली, तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे.

आज सरावाला तिच्या हातात हात द्यावाच लागला. तिचा तो खरखरीत अंगठा. पूर्वी चढाईवाली आत आली की सुलभा अंगठ्याने माझा तळवा दाबायची आणि आम्ही दोघी एकदम झेपावायचो.

आजही तिने दाबला. अगदी वेळेवर. मला कळलं, आणि मी जागची हलले नाही. का? तिला पडताना बघायचं होतं, दुसरं काय! ती एकटीच झेपावली आणि तोंडावर आपटली. कोपर सोलवटलं.

आम्हाला कबड्डी शिकवलेले म्हातारे गुरुजी माझ्यावर ओरडले, "अगो, झोपलीस काय?"

मी तोंड उघडायच्या आत सुलभा माती झटकत म्हणाली, "तिचं नाय चुकलं, गुरुजी. मीच इशारा दिला नाय."

तळवा अजून हुळहुळतोय. इशारा दिला होता, हे आम्हा दोघींनाच ठाऊक. उद्या सगळ्या गावासमोर पुन्हा तिचा हात धरायचाय. मी झेपावेन, नक्की झेपावेन. पण आता ती दाबेल का?