राखाडी नको!

४ मार्च, सोमवार

नाही म्हणजे नाही! राखाडी लावणार नाही.

हॉस्पिटलच्या कॅन्सर विभागाची नवी इमारत — भिंती, दारांवरच्या पाट्या, पेशंटना द्यायची माहितीपुस्तिका, सगळ्याचे रंग आमच्या डिझाइन ऑफिसतर्फे मी ठरवायचेत. साहेबांनी मीटिंगच्या आधीच ठरवून टाकले. फिकट राखाडी, फिकट निळा, "आणि थोडा पांढरा." थोडा पांढरा! "आजारी माणसाला शांत वाटलं पाहिजे," म्हणे. स्वतःला साधी सर्दी झाली तर अख्खं ऑफिस डोक्यावर घेतात.

ताई त्याच हॉस्पिटलच्या जुन्या इमारतीत केमोसाठी जाते. ती सलाईन लावून पडलेली, मी शेजारी स्टुलावर. तिथल्या भिंती मला पाठ झाल्यात. पोतेऱ्याचं पाणी उडून वाळल्यासारख्या राखाडी. त्यांच्याकडे बघत माणूस बरा कसा होणार?

५ मार्च

शेंदरी, पोपटी, गडद जांभळा. ठरलं.

७ मार्च

साहेबांना दाखवले. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"अगं, हे हॉस्पिटल आहे. सर्कस नाही."

"स्मशानही नाही," मी म्हटलं.

अख्खं ऑफिस खुर्च्या वळवून बघायला लागलं! कान तापले माझे, पण मान खाली घातली नाही. साहेब म्हणाले, "हॉस्पिटलच्या डॉक्टरीणबाईंपुढे तूच मांड. तोंडावर आपटलीस तर मी ओळख देणार नाही."

नका देऊ!

१० मार्च, रविवार

सुट्टीचा दिवस शेंदरीच्या मागे गेला. स्क्रीनवर झगझगतो, छापला की विटेसारखा मळकट. आता कुठे जमलाय. आई डोकावून गेली — "बाई गं, डोळ्यांवर येतंय."

येऊ दे.

१२ मार्च

मांडलं! डॉक्टरीणबाई विभागाच्या प्रमुख. हाताची घडी घालून ऐकत होत्या. म्हटलं, पेशंट अजून जिवंत आहे ना? मग त्याच्याभोवतीचं सगळं आधीच पुसून टाकल्यासारखं का? बोलायचं नव्हतं तेही बोलून गेले — "माझी बहीण तुमच्याकडेच आहे."

त्यांनी हाताची घडी सोडली, नमुने पुढे ओढले. मग त्या म्हणाल्या, "ठीक आहे. हेच करू."

लिफ्टमध्ये साहेब माझे नमुने परत चाळत होते. खाली उतरल्यावर — "तो पोपटी जरा कमी कर."

"नाही."

१६ मार्च, शनिवार

ताईची केमो होती. छापलेले नमुने तिच्या चादरीवर मांडले. एकेक उचलून बघितला तिने, परत नीट ठेवला.

"छान झालेत गं. पण सलाईन सुरू झालं ना, की असलं भडक बघवत नाही मला. ढवळून येतं. ही भिंतच बरी वाटते. बाकी सगळ्यांना मी हसतमुख हवी असते. ही बिचारी काही मागत नाही."

तिला एकदाही विचारलं नव्हतं मी.

सोमवारी साहेबांकडे जाणार. दरवाजे, जिने, पाट्या शेंदरीच! पण केमोच्या खोल्यांना राखाडी. हसायचं तेवढं हसू देत.